वगळलेली मागणी

माझा थोरला भाऊ साप चावून गेला असं गावात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. साप चावला तो एका पहाटे, आणि दादा गेला त्यानंतर कित्येक महिन्यांनी, डायलिसिसच्या खुर्चीवर झिजून झिजून. मधे जे काही झालं ते सापाने केलं नाही, माणसांनी केलं. आणि ती माणसंही काही वाईट नव्हती, हेच तर माझं दुखणं आहे. वाईट असती तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

आमचं घर वसईत, सांडोर गावाच्या अंगाला, वाडीत. वाडी म्हणजे आमच्याकडे वस्ती नव्हे, बाग. मागच्या दारातून पाऊल टाकलं की केळी, केळीच्या सावलीत अळू, बांधावर सोनचाफा आणि टोकाला बावखल, म्हणजे शिंपणाच्या पाण्याचं आमचं तळं. दादाने जन्मभर मुंबईच्या कचेरीत नोकरी केली आणि जन्मभर पहाटे उठून चाफा तोडला. आमच्याकडचे पुरुष असेच. कचेरी पोटासाठी, वाडी जिवासाठी. मी गावच्या शाळेत मराठी शिकवलं, लग्न केलं नाही, भावाच्या घरातच राहिले. सगळा गाव मला टीचर म्हणतो. माझी वहिनीसुद्धा टीचरच म्हणते. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण ती इथे लिहीत बसले तर बाहेरच्यांना अर्धं कळायचं नाही, म्हणून राहू दे.

त्या पहाटे दादाने केळीचा वाळका पाला पायाने बाजूला सारला. त्याची हाक आली ती भीतीची नव्हती, वैतागाची होती. "अगं, जनावर चावलं," म्हणाला. अंधारात सापाचं नाव आम्ही घेत नाही. घोणस होती. वहिनी धावली, मी धावले, शेजारच्याने रिक्षा काढली. आधी गेलो महापालिकेच्या गावातल्या दवाखान्यात. दवाखान्याला कुलूप. उघडणार नऊ वाजता. साप काय घड्याळ बघून चावतो? मग गेलो एका खाजगी इस्पितळात. तिथल्या मुलीने अदबीने सांगितलं, सापाची लस आम्ही ठेवत नाही. मग सरकारी रुग्णालय. त्यांनी होती तेवढी लस टोचली आणि मुंबईला न्या म्हणाले. मुंबईला न्या म्हणणं सोपं असतं हो. हायवेवर ट्रकांच्या रांगा लागलेल्या, अँब्युलन्स भोंगा वाजवत जागच्या जागी उभी, आणि दादा विचारतोय, फुलं बाजारात गेली का.

मुंबईच्या डॉक्टरने विचारलं, "सकाळपासून होतात कुठे?" मी म्हटलं, वसईत. त्याने मान हलवली. किडन्या गेल्या होत्या. त्यानंतरचे महिने मी सांगत बसत नाही.

दादाला माती देऊन आलो आणि पंधरवडा गेला नाही तोच वहिनी पहाटे टोपली घेऊन वाडीत गेली. मी ओरडले, "वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली, "चाफ्याला कोण सांगणार, घरात मयत झालंय म्हणून?" पायात दादाचे गमबूट, तिला ढगळ होणारे. हातात काठी. मी ओसरीवर उभी राहून कान देऊन ऐकत राहायचे. काठीचा आवाज थांबला की मी ओसरीच्या कडेला यायचे. मग मी हाक मारायची, मग ती तिकडून चिडून ओ द्यायची. असं रोज. दादा-वहिनीची मुलगी ठाण्याला नोकरी करते, संसार करते, ती फोनवर आईला सांगून थकली. वाडी सोड म्हणजे काय सोड हे तिलाही कळत होतं.

तेव्हा मला जगात एकच गोष्ट हवी होती. गावच्या त्या दवाखान्यात रात्रंदिवस एक डॉक्टर असावा आणि त्याच्या फ्रीजमध्ये सापाची लस असावी. वहिनीला चावलं तर दहा मिनिटांत तिला लस मिळावी. बस. चंद्र मागितला नव्हता.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी फादरांना गाठलं. फादर शहाणे गृहस्थ. म्हणाले, "टीचर, एकटीने गेलात तर तुम्हाला चहा पाजतील आणि परत पाठवतील. चार लोकांना बरोबर घ्या." ते खरंच होतं. महापालिकेचा नवा आरोग्य आराखडा तेव्हा ठरत होता, आणि जो तो आपली मागणी घेऊन निघाला होता. त्या चार लोकांचा मग मंच झाला.

मंचात कोण कोण होतं तेही सांगते. वसई पूर्वेच्या एका मोठ्या वसाहतीतला माझाच जुना विद्यार्थी, आता बँकेत मोठा साहेब. तो झाला सचिव. त्याच्या इमारतीतली एक शाळकरी पोर डेंग्यूने गेली होती. ते सांगताना त्याचा आवाज फुटला होता, मी पाहिलंय. ते दुःख खोटं नव्हतं. दुसरे एक डॉक्टर, खाजगी इस्पितळवाले. हो, तेच इस्पितळ, जिथल्या मुलीने आम्हाला अदबीने पुढे पाठवलं होतं. त्यांना आठवत नव्हतं, मी आठवण करून दिली नाही. तुळिंजच्या चाळींतून काही बायका यायच्या, त्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी हवं होतं. पोरांना सारखी कावीळ व्हायची. आमच्या गावची मंडळी होती. आणि एक भावी नगरसेवक होता, तो कुठल्याही बैठकीत शेवटी यायचा आणि पहिल्या रांगेत बसायचा.

सुरुवातीला मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आला. मराठी माझी, अक्षर माझं, आणि पहिली मागणी आमची: गावच्या दवाखान्यात रात्रंदिवस डॉक्टर आणि सर्पदंशाची लस. दुसरी तुळिंजच्या पाण्याची. मग डेंग्यूची फवारणी, तापाच्या तपासण्या, बाकी सगळं. सचिव म्हणाला, "टीचर, तुम्ही आहात म्हणून आपल्या मंचाला वजन आहे." वजन! काट्यावर वजन टाकतात ते माल मोजून झाल्यावर उचलून ठेवायलाच, हे तेव्हा कुठे कळलं मला.

मग हळूहळू बैठका चर्चच्या पॅरिश हॉलमधून वसाहतीच्या क्लब हाऊसमध्ये सरकल्या. तिथे एसी, तिथे पडद्यावर चित्रं. आमच्या गावातल्यांना संध्याकाळी वाडीला पाणी असायचं, तुळिंजच्या बायका धुण्याभांड्याच्या कामावरून सुटून यायच्या तोवर बैठक उठलेली असायची. मी जायचे. रिक्षा करून जायचे आणि डोकं तापवून यायचे. एकदा डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "टीचर, सर्पदंश ही रेफरलची केस आहे. खालच्या पातळीवर ती हाताळायला गेलं तर उलट धोका वाढतो." मी विचारलं, "तुमच्या इस्पितळात का नाही ठेवत लस?" म्हणाले, "केसेस किती येतात? मुदत संपून फुकट जाते." म्हणजे लस फुकट जाऊ नये, माणूस गेला तरी चालेल. डेंग्यूच्या तपासण्या मात्र त्यांच्याच लॅबमध्ये व्हायच्या होत्या. ज्याला त्याला आपापल्या पोळीवर तूप ओढायचं असतं. त्यांनी ओढलं. मी तरी दुसरं काय करत होते? फरक एवढाच की माझ्या पोळीवर तूप नव्हतं, माझ्या वहिनीचा जीव होता.

सचिवाचा एक आवडता शब्द होता, फोकस. "टीचर, फोकस पाहिजे. कमिशनरला सतरा गोष्टी सांगितल्या तर तो एकही करणार नाही. ज्यात सगळ्यांचा फायदा आहे ते पुढे ठेवूया." सगळ्यांचा. मी चाळीस वर्षं पोरांना सर्वनामं शिकवली, पण 'सगळे' या शब्दात नेमकं कोण येतं हे मला त्या क्लब हाऊसमध्ये समजलं. डास सगळ्यांना चावतो, सातव्या मजल्यावरही चावतो. साप सातव्या मजल्यावर जात नाही. भावी नगरसेवकाने तर सरळच सांगितलं, "मॅडम, गावात मतं किती, टॉवरमध्ये किती, तुम्हीच सांगा." निदान तो लपवत तरी नव्हता.

शेवटची मोठी बैठक मी भांडून गावात घ्यायला लावली, पॅरिश हॉलमध्ये. म्हटलं, आमचा माणूस भरपूर येईल, समोरासमोर होऊन जाऊ दे. आणि आला की माणूस! हॉल भरला. बायका नटून आल्या. चहा होता, बिस्किटं होती, प्रत्येक पाहुण्याच्या हातात सुकेळीची, म्हणजे आमच्याकडच्या सुकवलेल्या केळ्यांची, एक एक पुडी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती की आमची मंडळी भांडायला नाही, पाहुणचाराला आली आहेत.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. मुलीला बघायला मंडळी आली आणि मुलगा पसंत नसला, तर आम्ही तोंडावर नाही म्हणत नाही. कधीच नाही. चहा देतो, गोड देतो, "बरं आहे, बघू" म्हणतो, फाटकापर्यंत पोचवायला जातो. नकार जातो तो मागाहून, मधल्या माणसाबरोबर. एखादी पोक्त बाई काहीतरी गोडधोड घेऊन त्यांच्याकडे जाते, इकडचं तिकडचं बोलते आणि उठता उठता सांगते, की मुलीला एवढ्यात करायचं नाही. कुणाचा अपमान नाही, कुणाचं मन मोडत नाही. घरी आलेल्याला तोंडावर नाही म्हणणारा माणूस आमच्यात रानटी समजतात. जागांचे व्यवहार असेच, भावकीतली भांडणं अशीच. आमच्यापुरती ती रीत चालली, कारण समोरच्यालाही ती ठाऊक असायची.

सचिवाने पडद्यावर नवा मसुदा दाखवला. छान, सुटसुटीत, एका पानाचा. फवारणीची यंत्रं, ताप तपासणी केंद्र, दवाखान्याचं नूतनीकरण. आमची मागणी नाही. तुळिंजच्या पाण्याची नाही. सगळ्यात खाली एक ओळ: 'इतर स्थानिक गरजांचा पुढील टप्प्यात विचार व्हावा.' दादा त्या 'इतर'मध्ये गेला होता.

मी उठले. म्हटलं, "पहिली मागणी कुठे गेली? ज्या माणसासाठी हा मंच उभा राहिला तो कुठे गेला?" सचिव समजावणीच्या सुरात काही बोलू लागला तोच आमच्याच गावचे दोन वडीलधारे मागून म्हणाले, "टीचर, बसा. पाहुण्यांसमोर नको." माझ्याच गावचे! बाजूच्या बाईने पदर ओढून मला खाली बसवलं. माझ्या कानात पुटपुटली, "आपण नाहीच देणार आहोत होकार. कळवू ना मागाहून." सचिवाने विचारलं, "सगळ्यांना मान्य आहे ना?" आणि सगळा हॉल म्हणाला, "बरं आहे, बघू." हसून म्हणाला. वहिनीसुद्धा त्यात होती. काहींनी टाळ्याही वाजवल्या, पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात गावाने रीतसर नकार पाठवला. आमच्या गल्लीतल्या काकी, निम्म्या गावाची लग्नं जुळवलेल्या आणि तेवढीच मोडलेल्या. सुकेळी, चाफ्याची परडी आणि जरीची साडी अशा थाटात त्या सचिवाच्या फ्लॅटवर गेल्या. सचिव घरी नव्हता. त्याच्या बायकोने सरबत दिलं. काकी हवापाण्याचं बोलल्या, मुलांचं कौतुक केलं आणि उठता उठता म्हणाल्या, "आमच्या लोकांना एवढ्यात नाही जमायचं हो." त्या बाईला वाटलं, गावातली मंडळी निवेदन द्यायला बरोबर यायला जमणार नाही म्हणताहेत. तिने आग्रह केला नाही. फुलांबद्दल मात्र मनापासून आभार मानले. मंचाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळी परडीचा फोटो आला, खाली लिहिलेलं: 'गावाकडून शुभेच्छा.' काकी गावात येऊन सांगतात काय, तर नकार पोचवला, काळजी नको. निर्धास्त झोपले सगळे.

मी झोपले नाही. दुसऱ्याच दिवशी महापालिकेत गेले. आरोग्य खात्यातला एक अधिकारी ओळखीचा निघाला, त्याची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "टीचर, खरं सांगू? रात्रीच्या डॉक्टरचा प्रस्ताव आमच्याकडून तयार होता. तुमच्या गावाची मागणी पहिल्या निवेदनात होती म्हणूनच केला होता. पण काल तुमचं शिष्टमंडळ आलं. त्यात ती मागणीच नाही. साहेबांनी विचारलं, गावाला मान्य आहे का? तर म्हणाले, हॉलभर लोकांनी मान्य केलंय, एकच हरकत होती. मग आम्ही कशाला हट्ट धरू? फवारणीची गाडी दिसते, आवाज करते, लोकांना काम झाल्यासारखं वाटतं. रात्रीचा डॉक्टर कुणाला दिसतो?"

ती एक हरकत माझी. तिथल्या तिथे मला इतका राग आला की टेबलावरचा ग्लास उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. कुणावर फेकणार? सचिवावर? तो आपल्या पोरीबाळींना जपत होता. डॉक्टरवर? की माझ्या गावावर, ज्याने सभ्यपणे, हसत, सुकेळी वाटत आपल्याच बाईचा जीव सोडून दिला? घरी येऊन मी वहिनीवर फेकला, ग्लास नव्हे, राग. "तूपण म्हणालीस ना, बरं आहे, बघू?" ती म्हणाली, "पाहुणे होते ग, टीचर. ह्यांच्या मयताला आला होता तो पोरगा. त्याला कसं तोंडावर नाही म्हणू?" तिच्या डोळ्यांत मला काही सापडेना. तिला खरंच वाटत होतं की तिने बरोबर केलं.

उद्घाटन थाटात झालं. आमच्याच दवाखान्याला पिवळा रंग, नवी पाटी, आत खुर्च्या. वेळ तीच, नऊ ते चार. बाहेर फवारणीची नवी कोरी गाडी, बोनेटवर झेंडूचा हार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून सांगितली असेल, तिचा अर्थ त्या दिवशी माझ्यासमोर हार घालून उभा होता. वहिनीला पुढच्या रांगेत बसवलं. भाषणात भावी नगरसेवक म्हणाला, "ही चळवळ एका सर्पदंशातून उभी राहिली." दादाचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. वहिनीच्या हातात पुष्पगुच्छ दिला. जिची वाडी फुलांची, तिला बाजारातली फुलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. मग गाडीतून पांढरा धूर निघाला आणि सगळे खोकत, हसत फोटो काढू लागले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मी उठून घरी आले.

आमच्या गावच्या लोकांना मग कधीतरी उमगलं. काकी तर कितीतरी दिवस माझ्या समोर येईनात. वडीलधारे म्हणाले, आता पुढच्या टप्प्यात बघू. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, इथे तर गरज सरलीच नव्हती. तुळिंजच्या बायका एकदा घरी आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "बाई, आमच्या पान्याचं काय झालं?" मी चहा टाकला. चहा झाल्यावर त्या उठल्या. पुन्हा आल्या नाहीत.

वहिनी वाडीत जात राहिली. पण त्यानंतरच्या थंडीत एका पहाटे काठीचा आवाज थांबला. मी हाक मारली, ओ आली नाही. मी अनवाणी धावले. ती अळवाच्या वाफ्यात उभी होती, कंबरेतून किंचित वाकलेली, दगडासारखी. समोर पाल्यात काहीतरी सळसळत दूर जात होतं. चावलं नव्हतं. पण ती हलेना. मी हाताला धरून तिला बांधावर आणलं तेव्हा तिचा हात बर्फासारखा थंड होता. दादासाठीही तिने एवढी भीती दाखवली नव्हती. आठ दिवस ती वाडीत गेली नाही. चाफा झाडावरच सुकून गळला. मग ती मला म्हणाली, "टीचर, मी वाडी विकते." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्या बापाने माती आणून भरलेली ती वाडी. पण मी कुठल्या तोंडाने तिला म्हणणार, जा, रोज पहाटे जीव हातात घेऊन जा?

बातमी फुटायला कितीसा वेळ? एका रविवारी दारात मंच उभा. तोच सचिव, तेच डॉक्टर, बरोबर सायकलवाल्यांचा एक ग्रुप, दोन कॉलेजच्या मुली. आता त्यांचा नवा विषय होता: हरित पट्टा वाचवा. सचिव वहिनीला म्हणाला, "काकी, प्लीज वाडी विकू नका. या वाड्या म्हणजे आपल्या शहराची फुफ्फुसं आहेत. आमच्याकडे मुलांचा दमा वाढलाय. आम्ही हे पब्लिक हेल्थ म्हणून पुढे नेणार आहोत. सगळे एकत्र आलो तर होईल." डॉक्टरांनी मान डोलावली. खरं होतं त्यांचं. शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच मला गुदमरायला झालं.

मी म्हटलं, "ठीक. मग मी लिहून देते निवेदन. पहिली मागणी: वाडीत काम करणाऱ्यांसाठी गावात रात्रंदिवस डॉक्टर आणि सापाची लस. वाडी राखायची तर वाडीतलं माणूस राखा." सचिव गडबडला. डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "टीचर, तो वेगळा इश्यू आहे. मिक्स नको करायला." मी उठले. म्हटलं, "बाळा, शाळेत तुला मी एवढं मूर्ख कधी पाहिलं नव्हतं." पोरगा लाल झाला. त्या मुली खाली बघू लागल्या. पाहुण्यांना तोंडावर बोलले, हो, बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मला रानटी असण्याचा आनंद झाला, आणि तोही घटकाभरच टिकला, कारण त्याने काही होणार नव्हतं.

वहिनीने चहा आणला. सगळ्यांना दिला. मग शांतपणे सचिवाला विचारलं, "पोरा, पहाटे माझ्याबरोबर वाडीत कोण येईल? रोज नको. आठवड्यातून एकदा एक जण. फुलं मीच तोडीन. नुसतं काठी आपटत पुढे चालायचं." सायकलवाला हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. मग सगळेच हसले. वहिनी हसली नाही. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत, आणि मग कप गोळा करून आत गेली.

वाडीचा सौदा झाला. घेणाऱ्याने यंत्र लावून चार दिवसांत केळी आडवी केली, बावखल भरून टाकलं. आता सगळ्यांचाच प्रश्न सुटला. वाडी नाही तर पाला नाही, पाला नाही तर साप नाही, साप नाही तर लस कशाला आणि रात्रीचा डॉक्टर तरी कशाला? पुढच्या टप्प्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नाही. मागणी करणारी माणसंच नाहीशी झाली की आराखडा कसा सुटसुटीत होतो.

त्यानंतरच्या एका सकाळी मी उठले तर ऊन घरात आलेलं, आणि वहिनी पलंगावर झोपलेली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून सूर्य उगवल्यावर झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तोंड उघडं, श्वास संथ. मी चहा टाकला नाही, भांड्याचा आवाज होईल म्हणून. दाराशी बसून राहिले. दचकून जागी झाली, "उशीर झाला ग!" म्हणत पाय खाली सोडले, आणि मग तिला आठवलं. पाय तसेच लोंबकळत राहिले. खिडकीतून समोर तांबडी माती दिसत होती, नुसती माती, पार रस्त्यापर्यंत.

"टीचर," ती म्हणाली, "आता मला काही नाही ना होणार?"

मी म्हटलं, "नाही ग. आता काही नाही होणार."

आणि दादाच्या मातीला रडली नव्हती इतकं ती तिथे बसून रडली.